काचेवरचं पाणी घरातलंच

सरकत्या दाराच्या तळाशी जी ॲल्युमिनियमची खाच असते, तिच्यातलं पाणी जानेवारीपर्यंत काळं झालेलं असतं. त्यात बागेतली माती असते, गालिच्याचे तंतू असतात, झिजलेल्या रबरी पट्टीचा चुरा असतो. कोपऱ्यात बुरशीची काळी टिंबं दिसतात. वर काचेवर ओघळ असतात. काच खालच्या कडेकडून धूसर व्हायला लागते, पहाटेपर्यंत ती धूसरता गुडघ्याएवढी चढते, थेंब जड होतात आणि एकमेकांत मिसळून खाली घसरतात. ॲल्युमिनियमच्या भोवती लाकडी चौकट असेल तर तिचा रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि बोट दाबलं तर लाकूड आत जातं. रोज सकाळी कुणीतरी जुना टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसतं, काच पुसतं, टॉवेल रेडिएटरवर वाळत टाकतं आणि कामाला जातं. दुसऱ्या दिवशी पाणी तितकंच.

इंग्लंडमधल्या रेडिंग, स्लाव, हाउन्स्लो, हॅरो या भागांतल्या मराठी घरांत हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्यावर सविस्तर लिहायला हवं असं वाटू लागलं. ही घरं बहुतेक दोन महायुद्धांच्या मधली किंवा १९६०-७० च्या दशकांतली, जोडघरं किंवा रांगेतली. मागच्या खोलीची भिंत फोडून तिथे कधीतरी जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत काचेचं सरकतं दार बसवलेलं असतं. इंग्रज त्याला पॅटिओ डोअर म्हणतात. घर पाहायला गेलेल्या माणसाचं मन याच दारावर बसतं, कारण घर बहुधा जून-जुलैत पाहिलेलं असतं. बाहेर हिरवळ, आत ऊन, मुलांना अंगण. याच दाराचा हिवाळा कसा असेल, हे कुणी विचारत नाही आणि घर दाखवणारा सांगत नाही.

पहिली समजूत सगळ्यांची एकच होते, दार गळतंय. रेडिंगमधल्या एका गृहस्थांनी, मूळचे चिपळूणचे, बाहेरून सगळ्या फटी सिलिकॉनने भरून टाकल्या. चौकटीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला ज्या लांबट चिरा होत्या त्याही भरल्या. त्या चिरा मुद्दाम ठेवलेल्या असतात. खाचेत जमणारं पाणी तिथून बाहेर जावं म्हणून कारखान्यातच त्या पाडतात. त्या बुजल्यावर पाणी आतच तुंबलं, चाकं गंजली आणि दार सरकवायला दोन माणसं लागू लागली. गळतीचा आणि त्या पाण्याचा संबंधच नव्हता. ते पाणी बाहेरून आलेलं नव्हतं, घरातल्याच हवेतलं होतं.

हे ओळखणं सोपं आहे. काचेवर बोट फिरवून पाहावं. आतल्या बाजूला बोट ओलं झालं तर ती घरातली वाफ. दोन काचांच्या मधे धुकं असेल आणि कुठल्याच बाजूने पुसलं जात नसेल, तर दुपदरी काचेचं सील गेलं आहे. दोन काचांमधल्या धातूच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. कडेचं सील म्हातारं झालं की हळूहळू बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे तुडुंब होतात आणि मग काच कायमची आंधळी होते. अशा वेळी अख्खं दार बदलायची गरज नसते, चौकट धड असेल तर फक्त काचेची जोडी बदलता येते. विकणारे हे आपणहून सांगतीलच असं नाही, म्हणून आपण विचारावं. आणि शरद ऋतूतल्या निरभ्र सकाळी काचेच्या बाहेरच्या अंगाला दव दिसलं तर खुशाल आनंद मानावा. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणजे काच उत्तम आहे, असा त्याचा अर्थ. नवी महागडी काच बसवल्यावर हेच दव पाहून लोक घाबरून तक्रार करतात.

दव नेमकं कुठून येतं, या प्रश्नाचं पक्कं उत्तर लंडनमध्येच मिळालं, हे मला फार आवडतं. डॉ. विल्यम चार्ल्स वेल्स हे सेंट थॉमस रुग्णालयातले डॉक्टर. दव आकाशातून उतरतं की जमिनीतून वर येतं, यावर तोवर वाद होते. वेल्स शहराबाहेर एका मित्राच्या बागेत रात्री जागायचे. सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके गवतावर, फळीवर, फळीखाली ठेवायचे आणि सकाळी तोलायचे. ज्या पुंजक्याला उघडं आकाश दिसत होतं तो जास्त गार झाला आणि जास्त भिजला. आडोशाखालचा कमी. वस्तू आधी गार होते आणि मग तिच्यावर हवेतलं पाणी जमतं, हे त्यांनी १८१४ मध्ये दव या विषयावरच्या आपल्या निबंधात मांडलं. रॉयल सोसायटीने त्यासाठी रम्फर्ड पदक दिलं. तब्येत ढासळलेली असताना त्यांनी हे काम केलं आणि १८१७ मध्ये ते गेले. पुंजक्याच्या जागी आपल्या दाराची काच ठेवली की तेच शास्त्र.

आता थोडे आकडे, कारण इथे आकड्यांनीच डोळे उघडतात. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवू शकते. शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा नाही. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ९ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरेल. आर्द्रता ६० टक्के झाली तर ही सीमा १२ अंशांवर जाते, ७० टक्क्यांना साडेचौदाच्या आसपास. बाहेर शून्य अंश थंडी असताना एकपदरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम ५ अंशांवर असतो. १९८० च्या दशकातली दुपदरी काच १२-१३ अंशांवर, म्हणजे अगदी काठावर. आजची लेप दिलेली, मधे आर्गॉन वायू भरलेली काच १७ अंशांच्या जवळ. जुन्या दुपदरी काचेच्या घरात म्हणूनच काही सकाळी काच कोरडी आणि काही सकाळी ओली असते. फरक आदल्या रात्रीच्या स्वयंपाकाचा, आंघोळींचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा असतो.

काचेहूनही चौकट जास्त गार. जुन्या दारांची ॲल्युमिनियमची चौकट आतून बाहेरपर्यंत सलग एकच धातू. पीव्हीसीच्या मानाने ॲल्युमिनियममधून उष्णता सुमारे हजारपट सहज वाहते. आतल्या बाजूने हात लावला तर बाहेरच्या हिमाला हात लावल्यासारखा. नव्या ॲल्युमिनियम चौकटीत मधे प्लास्टिकचा खंड घालून ही वाट तोडलेली असते. जुन्यात तसं नसतं, म्हणून पहिलं पाणी चौकटीवर, मग काचेच्या कडांना आणि शेवटी मध्यभागी दिसतं. गार हवा काचेला घसटून खाली उतरते, त्यामुळे तळ सगळ्यांत थंड, आणि पाणीही तिथूनच चढतं.

आणखी एक गोष्ट लक्षात आल्यावर मी थबकलो होतो. इंग्रजी घरांत रेडिएटर खिडकीच्या खाली बसवायची पद्धत. त्यातून उठणारी गरम हवा काचेला शेकत वर जाते. पॅटिओ दाराला खाली भिंतच नसते. मग रेडिएटर समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर जातो. घरातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत गार पृष्ठभाग असा ऊबेला पारखा होतो. त्यात संध्याकाळी जाड पडदा ओढला की काच आणि पडदा यांच्या मधली पोकळी आणखी गार. हवा मात्र पडद्याच्या कडांनी, वरून, खालून फिरतच राहते आणि आपली वाफ तिथे सोडून येते. थंडी अडवायला लावलेला पडदा सकाळी उघडला की मागे सगळ्यात जास्त पाणी असतं ते यामुळे.

यांतली दोन महायुद्धांच्या मधली घरं बांधली तेव्हा असं नव्हतं. बहुतेक खोल्यांत कोळशाची शेगडी होती आणि तिच्यावर छपराबाहेर जाणारं धुराडं. पेटलेली शेगडी खोलीतली हवा अखंड ओढून वर फेकायची, खिडक्यांच्या फटींतून नवी हवा यायची. माणसं कुडकुडत असतील, पण वाफ घरात टिकत नव्हती. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस काळं धुकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. घरगुती कोळसा मागे पडत गेला. पुढे उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घरोघर आला, भिंतींवर रेडिएटर लागले, शेगड्या फळ्या मारून बंद झाल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर फटी बुजवण्याचा सपाटा सुरू झाला. मधल्या काळात लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत शोधली आणि १९५९ मध्ये ती जाहीर केली. मोठी, निर्दोष, स्वस्त काच त्यामुळेच शक्य झाली, आणि मागची भिंत फोडून काचेचं दार बसवणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. वाफ बाहेर न्यायची जुनी सोय गेली, गार काचेचं क्षेत्रफळ वाढलं. हे दोन्ही एकाच पिढीत झालं. सुधारणा करताना घराला श्वास कुठून मिळणार, हा प्रश्न सुटून गेला. इमारतींच्या नियमांना तो उशिरा आठवला. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून खिडक्या-दारं बदलताना चौकटीच्या माथ्यावर हवेच्या बारीक झडपा ठेवण्याबद्दल नियम कडक झाले. त्या झडपाही लोक थंडी येते म्हणून चिकटपट्टीने बंद करतात.

आता आपल्या घरांकडे. चार माणसांचं कुटुंब दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी वाफेच्या रूपात घरातल्या हवेत सोडतं. कपडे आत वाळवले तर त्याहून जास्त. दोन माणसं रात्रभर झोपली तरी श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटर. यंत्रातून निघालेले एका धुण्याचे कपडे रेडिएटरवर वाळवले तर साधारण दोन लिटर. गॅसची शेगडी तर जळतानाच पाणी तयार करते, एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड किलोहून जास्त. त्यावर आपला स्वयंपाक. कुकरच्या शिट्ट्या, उकळत ठेवलेला चहा, डाळ, भात, तव्यावरच्या पोळ्यांची वाफ. शेगडीवर चिमणी लावलेली असते, पण ती नीट बघावी. अनेक घरांतल्या चिमण्या हवा बाहेर सोडतच नाहीत. कोळशाच्या गाळणीतून फिरवून तीच हवा परत स्वयंपाकघरात देतात. तेलाचा वास थोडा कमी होतो, पाण्याचा एक थेंबही घराबाहेर जात नाही.

यात एक मोठी गोम आहे आणि ती आपल्याकडच्या हवेशी जोडलेली आहे. कोकणात, मुंबईत आपण पावसाळ्याच्या शाळेत वाढलो. जुलैमध्ये बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असते. तिच्या एका घनमीटरात २३ ग्रॅम पाणी. ती घरात घेतली की पापड मऊ पडतात, मीठ ओलं होतं, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. म्हणून पाऊस लागला की खिडक्या लावायच्या, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे आणि तिथे ते बरोबरही आहे. इंग्लंडच्या हिवाळ्यात गणित नेमकं उलटं होतं. बाहेर ५ अंश आणि रिपरिप पाऊस, आर्द्रता ९० टक्के. ऐकायला भयंकर दमट. पण त्या हवेच्या एका घनमीटरात सहाच ग्रॅम पाणी असतं. ती आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते, म्हणजे ती चांगलीच कोरडी. आतल्या ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ११ ग्रॅम. पावसातसुद्धा खिडकी उघडली की घर वाळतं.

स्लावमधल्या एका घरात मी हा संवाद ऐकला. सासूबाई सहा महिन्यांसाठी रत्नागिरीहून आल्या होत्या. सून म्हणाली, "आई, पाच मिनिटं तरी खिडकी उघडू द्या हो." त्यांनी लगेच अडवलं, "अगं, बाहेर पाऊस लागलाय. ओल आत येईल, आणि बाळाला सर्दी होईल." दोघींनाही बाळाचीच काळजी होती. रत्नागिरीत सासूबाईंचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं असतं.

ऊब वाया जाईल, ही दुसरी भीती. तिचाही हिशेब होतो. मध्यम आकाराच्या घरात दोनशे घनमीटरच्या आसपास हवा असते. ती सगळी एकदा बदलली तर वरच्या आकड्यांप्रमाणे एक लिटर पाणी बाहेर जातं. नव्या हवेला ५ पासून २० अंशांपर्यंत तापवायला गॅसचं साधारण एक युनिट लागतं, म्हणजे सहा-सात पेन्स. भिंती, गादी, सोफा यांत साठलेली ऊब दहा मिनिटांत जात नाही, म्हणून खोली लगेच परत गरम होते. जर्मनीत समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून थोडा वेळ वारा खेळवायचा आणि बंद करायच्या, ही रोजची सवय आहे, भाडेकरारातही ती लिहिलेली आढळते. दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण बोटभर उघड्या खिडकीने भिंत थंड पडते.

याउलट खोली थंड ठेवून पैसे वाचवणं अंगाशी येतं. २०२२ च्या हिवाळ्यात इंधनाचे दर कडाडले तेव्हा अनेकांनी घर १५ अंशांवर ठेवलं, खिडक्या मिटल्या आणि कपडे आत वाळवले. २० अंशांना ज्या हवेची आर्द्रता ५८ टक्के असते, तीच हवा १५ अंशांवर आली की ७८ टक्के होते. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे टिकून राहिली की बुरशीला काचेवरच्या पाण्याचीही गरज उरत नाही. कपाटाच्या मागे, पलंगाच्या डोक्याशी, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ती गुपचूप वाढते. काचेवरचं पाणी निदान दिसतं तरी.

इथे या विषयाची दुसरी बाजू येते आणि ती सांगितल्याशिवाय लेख अपुरा राहील. ओल दिसली की घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवतो. तुम्ही फार शिजवता, फार आंघोळी करता, खिडक्या उघडत नाही. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा मुलगा झोपण्याची एकच खोली असलेल्या, सामाजिक घरसंस्थेच्या फ्लॅटमध्ये राहत होता. आई-वडील सुदानमधून आलेले. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा वर रंग मारा असं सांगण्यात आलं. २०२० च्या डिसेंबरात, दुसऱ्या वाढदिवसानंतर जेमतेम आठवड्याने, अवाब गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनर जोआन किअर्सली यांनी निकाल दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या गंभीर विकाराने तो दगावला. घरात हवा खेळण्याची सोय पुरेशी नव्हती. कुटुंबाच्या राहणीबद्दल, स्वयंपाकाबद्दल, आंघोळीच्या पद्धतीबद्दल गृहीतकं धरून दुरुस्ती टाळली गेली होती, हेही पुढे आलं. सरकारी गृहनिर्माण लोकपालांनी त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ओल आणि बुरशीवरच्या अहवालाच्या शीर्षकातच स्पष्ट म्हटलं होतं की हा राहणीचा प्रश्न नाही.

मला हे वाचताना आपली घरं आठवली. बादलीत पाणी घेऊन आंघोळ करणारे आपणही आहोत, दोन वेळा डाळ-भात शिजवणारे आपणही. माणसं घरात जेवण करणार, न्हाणार, श्वास घेणार, हे धरूनच घर बांधायचं असतं. वाफ निर्माण करणं हा दोष नव्हे. तिला बाहेर जायला वाट न ठेवणं हा दोष, आणि त्याची जबाबदारी ज्याच्या नावावर घर आहे त्याची. भाडेकरूने खिडकी उघडावी हे खरं. पण न्हाणीघरात पंखाच नसेल, चिमणी हवा बाहेर टाकत नसेल, चौकट हिमासारखी असेल, तर एकट्या खिडकीने काय होणार?

स्वतःच्या घरात करण्यासारखं काय आहे? सगळ्यात आधी आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणून बैठकीच्या खोलीत, दारापासून दूर ठेवावं. दहा-पंधरा पौंडांत चांगलं मिळतं. ४० ते ६० टक्क्यांत काटा राहिला तर घर ठीक. एक आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं की कुठल्या कामानंतर काटा उडी मारतो ते आपल्यालाच कळतं, दुसऱ्या कुणाचा सल्ला लागत नाही. भांड्यावर झाकण ठेवणं, शिजवताना आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवणं, आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावून तिथलाच पंखा किंवा खिडकी उघडी ठेवणं, एवढ्याने मोठा फरक पडतो. इंग्लंडच्या नियमानुसार न्हाणीघरातल्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकली पाहिजे. धूळ बसलेला जुना पंखा नुसता आवाज करतो. पंख्याच्या जाळीवर कागदाचा तुकडा धरून पाहावा, तो चिकटून राहिला तर हवा ओढली जाते आहे.

काच पुसताना रबरी पट्टीने किंवा काच टिपणाऱ्या छोट्या व्हॅक्यूमने पाणी जमा करून मोरीत ओतावं. टॉवेलने पुसलं तर तो पिळून बाहेर किंवा न्हाणीघरात पंख्याखाली वाळवावा. रेडिएटरवर टाकलेला टॉवेल तेच पाणी परत हवेत सोडतो आणि रात्री ते परत काचेवर येतं. खिडकीत ठेवायच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि डबे दुकानांत ढिगाने विकतात. ते काही आठवड्यांत अर्धा लिटर शोषतात. रोजच्या दहा लिटरांपुढे हे काहीच नाही, त्यांचा उपयोग कपाटाच्या आत, बंद सुटकेसमध्ये. खोलीत नाही. कपडे घरातच वाळवावे लागत असतील तर एक खोली ठरवावी, तिचं दार लावावं आणि आत डिह्युमिडिफायर ठेवावा. मध्यम आकाराचा डिह्युमिडिफायर २०० वॉटच्या आसपास वीज घेतो, पाच तासांत एक युनिट. टाकीत जमलेलं दोन लिटर पाणी सकाळी ओतताना माणसाला पहिल्यांदा खरं वाटतं की हे सगळं आपल्या हवेत होतं.

दारासाठी वेगळी कामं आहेत. खाचेतली घाण जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावी. तळाच्या निचऱ्याच्या चिरा बाहेरून शोधून तारेने किंवा प्लास्टिकच्या काडीने मोकळ्या कराव्यात, कपभर पाणी खाचेत ओतून ते बाहेर पडतं का पाहावं. दाराच्या कडेच्या केसाळ पट्ट्या झिजलेल्या असतात, त्या मीटरवर मिळतात आणि खाचेत सरकवून बसवता येतात. बुरशी नुसती पुसू नये, बुरशीनाशकाने धुवावी, हातमोजे आणि मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून. पडदा जमिनीपासून आणि बाजूंनी थोडा सुटा ठेवावा, सकाळी उठल्याबरोबर उघडावा. सोफा काचेला चिकटवू नये. काच एकपदरी असेल आणि बदलणं आत्ता परवडत नसेल तर हिवाळ्यापुरती पारदर्शक फिल्म दुहेरी चिकटपट्टीने चौकटीवर लावून केस वाळवायच्या यंत्राने ताणून घेता येते. काच आणि फिल्म यांच्या मधे कोरडी हवा कोंडली जाते आणि आतला पृष्ठभाग उबदार राहतो. दिसायला ती फार देखणी नसते आणि ते दार हिवाळाभर उघडता येत नाही. बाहेर पडायला दुसरा मार्ग नसेल तर हा उपाय करू नये.

आणि नवं दार? परवडत असेल तर जरूर घ्यावं, पण शेवटी. वाफेची वाट न लावता नवी काच बसवली तर काच कोरडी राहते आणि ओल दुसरा गार कोपरा शोधते. मी अशी घरं पाहिली आहेत, दार लखलखीत आणि मुलांच्या खोलीतल्या कपाटामागे भिंत काळी. जुनी काच निदान रोज सकाळी सांगत तरी होती.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एवढं करावं. काच, चौकट, भिंत यांचे फोटो तारखेसह ठेवावेत, आर्द्रतेचे आकडे लिहून ठेवावेत आणि तक्रार तोंडी न करता ईमेलने करावी. अवाबच्या आई-वडिलांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्यांनी लढून जो कायदा करून घेतला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना, म्हणजे नगरपालिका किंवा घरसंस्था भाड्याने देतात त्या घरांना, तो २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीच्या धोक्यावर घरमालक संस्थेने २४ तासांत कारवाई करायची, ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी कामाच्या १० दिवसांत करायची आणि धोका आढळला तर कामाच्या पुढच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. खासगी भाडेकरूंपर्यंत हे संरक्षण नेण्याची तरतूद २०२५ च्या भाडेकरू कायद्यात आहे. तोवरही २०१८ च्या कायद्यानुसार राहण्यायोग्य घर देणं मालकावर बंधनकारक आहे आणि ओल त्यात स्पष्टपणे मोजली जाते. मालक ऐकत नसेल तर आपल्या नगरपालिकेच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला लिहा. आपली भाषा, आपला व्हिसा, आपला स्वयंपाक यांचा संकोच बाळगून गप्प बसू नका. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर पहिल्याच पत्रात ते लिहा.